ओकायामाची फरशी

सिंहगड रस्त्यावरच्या ज्या उद्यानाला पुणेकर पु. ल. देशपांडे यांच्या नावाने ओळखतात, त्याला ‘पुणे–ओकायामा मैत्री उद्यान’ असेही एक नाव आहे आणि जपानमधील ओकायामा शहरातल्या तीनशे वर्षांच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर त्याची रचना झाली आहे, ही गोष्ट तिकीट काढून आत शिरणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नसते. हिरवळ, ओढ्यातले मासे आणि छायाचित्र काढून घ्यायला एखादा लहानसा पूल एवढ्यावर त्यांचे समाधान होते. तेथेच भरणाऱ्या आमच्या तिघांच्या सायंकाळच्या बैठकीत मात्र या दुसऱ्या नावाने एकदा असा वाद उपस्थित केला की त्याला तीन संध्याकाळी पुरल्या नाहीत.

तिघांपैकी मी केवळ श्रोता आणि प्रसंगी लेखनिक. रावसाहेब (ही पदवी त्यांना आमच्या आळीने बहाल केली आहे, सरकारने नव्हे) परगावच्या नगरपालिकांच्या बांधकाम खात्यांत चौतीस वर्षे नोकरी करून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. कोणताही रस्ता पाहिला की त्याची रुंदी मनातल्या मनात मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. नानांना तो मोह होण्याचा प्रश्नच येत नाही. वयाच्या पाचव्या वर्षी देवींनी त्यांचे दोन्ही डोळे नेले. कोरेगाव पार्कातल्या अंधशाळेत बोटांना ब्रेल लागले. आणि पुढे एका बँकेच्या टेलिफोनच्या स्विचबोर्डावर त्यांनी एकतीस वर्षे काढली. एकदा कानी पडलेला आवाज दहा वर्षांनी ऐकला तरी ते त्या माणसाला नावाने हाक मारतात, आणि समोरचा माणूस खोटे बोलत असेल तर मान किंचित डावीकडे कलती करतात.

त्या दिवशी नाना आले ते लंगडत. गुडघ्याला पट्टी होती. विचारले तेव्हा म्हणाले, “पिवळ्या फरशीने नेले. सरळ नेले, नवरदेवाला मांडवात नेतात तशा इतमामाने नेले, आणि विजेच्या लोखंडी पेटीवर नेऊन घातले. पेटी चार पायांवर उभी. काठी पायांच्या मधून आरपार गेली, तिला काहीच लागले नाही. जे लागायचे ते मला लागले.”

हा पदपथ शहरातल्या कोणत्या रस्त्यावरचा, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही; वाचकाला स्वतःच्या घराजवळचा तसा एखादा आठवेलच. रावसाहेबांनी मात्र रस्त्याचे नाव ऐकताच मान डोलावली आणि, जखमेची विचारपूस उरकून, नेमक्या त्याच घटकेला न सांगण्याजोगी गोष्ट सांगितली. “नाना, ज्या फरशीवर तुम्ही रागावला आहात तिचे माहेर कोणते, ठाऊक आहे? ओकायामा. ज्या गावाच्या बागेची नक्कल करून आपण येथे बसलो आहोत, तेच.”

ही कथा खरी आहे. सेइइची मियाके नावाचे गृहस्थ ओकायामा शहरात एक खानावळवजा धर्मशाळा, म्हणजे जपानी पद्धतीची उतारूंची सराई, चालवीत असत; त्यांच्या एका स्नेह्याची दृष्टी क्षीण होत चालली होती, आणि पायाला कळेल असा रस्ता करता येईल काय, या विचाराने त्यांना घेरले. 1965 साली त्यांनी उठावाची फरशी सिद्ध केली, आणि 18 मार्च 1967 रोजी ओकायामाच्या अंधशाळेजवळच्या एका चौकात तसल्या 230 फरश्या प्रथम बसल्या. मियाके हे अभियंता नव्हते, कोणा खात्याचे अधिकारी नव्हते. पदरचा पैसा घालून त्यांनी हा उद्योग केला. आज जगातल्या कित्येक देशांच्या स्थानकांवर आणि पदपथांवर ती फरशी दिसते, आणि जपानमध्ये 18 मार्च हा त्या फरशीचा दिवस म्हणून पाळला जातो.

“म्हणजे,” नाना म्हणाले, “आपण ओकायामाहून बाग आणली आणि फरशी मागाहून कोठून तरी, नकलेची नक्कल करून आणली. बाग पाहण्याची गोष्ट. तेव्हा तिच्यात कसूर राहिली नाही. फरशी पाहण्याची गोष्ट नव्हती.”

“हा तुमचा अन्याय आहे.”

“अन्याय असेल. पण मला सांगा, रावसाहेब, त्या फरशीला किती शब्द येतात?”

रावसाहेबांना हा प्रश्न आवडला. त्यांनी खिशातून नेहमीची घडीची पट्टी काढली आणि बाकावर जणू फरशीच पसरली आहे अशा थाटात माझ्याकडे पाहून सांगू लागले. नानांकडे पाहून सांगण्यात काही हशील नव्हते आणि नानांना ते आधीच पाठ होते. फरशी साधारण एक फूट चौरस, तीनशे मिलिमीटरची. तिच्यावरचा उठाव सुमारे पाच मिलिमीटरचा. त्याहून कमी असला तर वहाणेच्या तळव्यातून लागत नाही, जास्त असला तर ठेच लागते. उठाव दोन तऱ्हेचे. लांबट समांतर पट्ट्यांचा अर्थ, या दिशेने चालावे. गोल ठिपक्यांचा अर्थ, थांबावे. पुढे पायरी आहे, वाहता रस्ता आहे, फलाटाची कड आहे किंवा वाट वळते आहे. पिवळा रंग अर्थातच संपूर्ण अंधासाठी नव्हे; ज्यांना धूसर दिसते, आणि तसल्यांची संख्या पूर्ण अंधांहून कितीतरी मोठी, त्यांना राखाडी काँक्रीटवर तो उठून दिसावा म्हणून. इंग्लंडात सिग्नलच्या चौकातली ठिपक्यांची फरशी तांबडी आणि सिग्नल नसलेल्या ठिकाणची फिकट, असाही भेद करतात.

“दोनच शब्द,” नाना म्हणाले. “चल आणि थांब. जपानी लोक तिला ब्रेलची फरशी म्हणतात असे ऐकतो; म्हणोत बापडे, पण ब्रेलमध्ये मी ज्ञानेश्वरी वाचली आहे आणि या फरशीवर दोन शब्दांपलीकडे काही वाचता येत नाही. माझी तक्रार तीही नाही. दोन शब्दांत पुष्कळ भागते. बैल दोन शब्दांवर जन्मभर नांगर ओढतो. परंतु ज्याला दोनच शब्द येतात त्याने ते तरी उलटसुलट बोलू नयेत. परवाच्या त्या पदपथावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठिपकेच ठिपके. पावलागणिक थांब, थांब, थांब. आणि जेथे खरोखर थांबायचे तेथे, पेटीसमोर, काही नाही, कारण सारेच ठिपके.”

हे ऐकून मला थोडी लाज वाटली, कारण आमच्याच गल्लीच्या तोंडाशी ठिपक्यांच्या फरश्यांची अशी अखंड रांग मी दोन वर्षे पाहत आलो होतो आणि ती रांगोळीसारखी शोभिवंत दिसते एवढाच विचार त्याविषयी माझ्या मनात आला होता. शुद्धलेखनाच्या चुकीवरून मुद्रितशोधकाशी भांडणारा मी, ही चूक रोज तुडवीत होतो.

रावसाहेबांनी चूक कबूल केली, परंतु तिचे कारण सांगितल्यावाचून त्यांना राहवेना. “नाना, मोजमाप पुस्तकात ही बाब चालू मीटरवर असते. इतक्या मीटर लांबीची फरशी, दर अमुक, रक्कम तमुक. पट्टी आणि ठिपका असा फरक दरपत्रकात दिसत नाही, मग तो ठेकेदाराच्या गवंड्याला कोठून दिसावा? बाजारात जो माल स्वस्त मिळाला तो बसला. आणि विजेची पेटी म्हणाल, तर ती दुसऱ्या खात्याची. ती हलवायची तर त्या खात्याला पत्र, त्यांचे अंदाजपत्रक, अनामत रकमेचा भरणा, मग त्यांची सवड. तोवर पदपथाच्या कामाची मुदत संपते आणि पुढल्या मार्चअखेर तरतूद व्यपगत होते. मग कनिष्ठ अभियंता काय करतो? फरशी पेटीपर्यंत आणतो आणि पेटीच्या पलीकडून पुन्हा सुरू करतो. हा दुष्टावा नव्हे, हिशेब आहे.”

“त्याने चार फूट अलीकडे ठिपके लावून वाट बाजूने वळवली असती तर?”

“तर लांबी दीड मीटरने वाढली असती.”

नाना यावर हसले. पण ते हसणे कडवट नव्हते. बँकेतही त्यांनी असलेच हिशेब पाहिले असावेत.

दुसऱ्या दिवशी रावसाहेब कायद्याची तयारी करून आले. त्यांचे म्हणणे असे की, फरशी चुकीची लागली तरी लागू द्यावी, कारण या देशात जी वस्तू जमिनीवर नाही तिच्याबद्दल दाद मागता येत नाही. 1995 च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात रस्त्यांसंबंधी कलम होते: सिग्नलला आवाज असावा, पदपथाला चाकाच्या खुर्चीसाठी उतार असावा, अंधांसाठी झेब्रा पट्ट्यांवर आणि फलाटांच्या कडांवर खोदीव खुणा असाव्यात. सारे यथास्थित होते. फक्त आरंभी एक वाक्यांश होता: ‘आर्थिक कुवत आणि विकास यांच्या मर्यादेत’. या सहा शब्दांच्या सावलीत सारी खाती वीस वर्षे निर्धास्त विसावली. पुढे 2012 साली इंडियन रोड्स काँग्रेसच्या 103 क्रमांकाच्या पादचारी संहितेने मोजमापे घालून दिली, चालण्यास निर्वेध असा 1.8 मीटर रुंदीचा पट्टा, दीडशे मिलिमीटरहून उंच नसलेली कड, उठावाच्या फरश्या. 2015 च्या डिसेंबरात सुगम्य भारत अभियान सुरू झाले. 2016 साली नवा दिव्यांग हक्क कायदा आला, आणि त्याच वर्षी पुणे महापालिकेने रस्ते-आखणीची आपली मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. जंगली महाराज रस्त्याचा पदपथ पुढे रुंद झाला तो याच विचारातून.

“आणि एका अंध गृहस्थानेच, राजीव रतुरी यांनी, 2005 साली सर्वोच्च न्यायालयात केलेल्या अर्जावर,” रावसाहेब पुढे म्हणाले, “8 नोव्हेंबर 2024 रोजी, म्हणजे न्यायमूर्ती चंद्रचूडांच्या न्यायासनावरील शेवटच्या दिवशी, निकाल लागला की सुगम्यतेचे नियम केवळ शिफारसवजा ठेवता येणार नाहीत, काही किमान गोष्टी सक्तीच्या कराव्याच लागतील. एकोणीस वर्षे लागली, पण ‘कुवतीच्या मर्यादेत’ हा पडदा फाटला की नाही?”

“एकोणीस वर्षांत मी स्विचबोर्डावरून उठून पेन्शनीत गेलो,” नाना म्हणाले. “तरी असो, निकाल चांगला आहे. पण तुमचा मुद्दा काय? चुकीची फरशी असल्याने फायदा कसा?”

तेव्हा रावसाहेबांनी पुन्हा जपान गाठला. 1973 साली ओसाका शहरातल्या फुकुशिमा स्थानकाच्या फलाटावरून एक दृष्टिहीन प्रवासी खाली पडला आणि गाडीखाली त्याचे दोन्ही पाय गेले. फलाटावर उठावाची फरशी नव्हती. त्याने रेल्वेवर दावा लावला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 1986 साली त्या न्यायालयाने खालचा, प्रवाशाच्या बाजूचा निकाल फिरवून प्रकरण फेरविचारास परत पाठवले. फरशी नसणे हा फलाटाचा दोष ठरवायचा की नाही, हे पाहताना अपघाताच्या वेळी तसल्या फरश्या देशात कितपत प्रचारात होत्या हेही पाहिले पाहिजे, असा त्या निकालाचा एक आधार होता.

“लक्षात आले का नाना? फरशी जितक्या ठिकाणी लागेल तितके तिचे नसणे अपराध ठरत जाते. प्रचार हाच पुरावा. म्हणून मी म्हणतो, वेडीवाकडी का होईना, लागू द्या. दुरुस्तीला नंतर जागा राहते; अभावाला दुरुस्ती नसते.”

हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. ओढ्याच्या वळणावर पाणी दगडावरून उतरते तेथला आवाज ते ऐकत असावेत. एका बाजूला मुले माशांना काही तरी टाकून ओरडत होती. मग ते म्हणाले:

“स्विचबोर्डावर दोन तऱ्हेची बिघाडलेली लाइन मी पाहिली. एक मृत लाइन. उचलून कानाला लावली की आतून काही येत नाही. माणूस चडफडतो, पण फसत नाही. उठून स्वतः चालत जातो किंवा तार करतो. दुसरी म्हणजे चुकीच्या ठिकाणी जोडलेली लाइन. ती वाजते, पलीकडून कोणी ‘बोला’ म्हणते, आणि माणूस आपले सर्व गुपित भलत्याच कानात ओतून मोकळा होतो. बँकेत पहिलीने काम अडे. दुसरीने एकदा एका माणसाची नोकरी गेली. फरशी नव्हती तेव्हा त्या रस्त्यावर मी भिंतीच्या कडेने, काठी डावी-उजवी टेकवीत, सावकाश जात असे. उजवे पाऊल उचलताना काठी डावीकडे, डावे उचलताना उजवीकडे. म्हणजे पुढचे पाऊल जेथे पडायचे तेथे काठी आधी जाऊन आलेली असते. शिवाय कान. फरशी पायाला लागली आणि मी कान मिटले. तिने काही सांगितले म्हणून मी विश्वास ठेवला. गुडघा फुटला तो पेटीने नव्हे, रावसाहेब, विश्वासाने.”

“मग मेट्रोत?”

“मेट्रोत मी तिच्यावरून चालतो,” नानांनी लगेच मान्य केले. “2022 च्या मार्चमध्ये वनाज ते गरवारे कॉलेज ही गाडी सुरू झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी गेलो होतो. जिन्याच्या तोंडाशी ठिपके, लिफ्टपाशी ठिपके, फलाटाच्या कडेला ठिपके, मधे पट्ट्या. तेथे फरशी, जिना आणि गाडी ही तिन्ही एकाच घरची. रस्त्यावर फरशी एकाची, पेटी दुसऱ्याची, झाड तिसऱ्याचे, आणि वर उभी केलेली मोटारसायकल साऱ्या गावाची.”

येथे मला एक आडवळण घ्यावेसे वाटते. नानांच्या तरुणपणचे पुणे अंधांना सोयीचे होते असा त्यांचा दावा नाही. गटारे उघडी होती आणि वाड्यांची जोती रस्त्यात आलेली होती. तथापि त्या शहराला आवाजाच्या खुणा होत्या. कसब्यात तांबट आळीच्या आसपास पोचलो हे हातोड्यांच्या ठोक्यांवरून कळे, आणि ठोका भांड्याच्या बुडावर पडतो आहे की काठावर, त्यावरून नाना आळीचे कोणते टोक तेही सांगत. मंडई भाजीच्या ओल्या वासाने अर्धा फर्लांग आधी कळवी. लक्ष्मी रस्त्यावर कापडाच्या दुकानांतून नव्या मांजरपाटाच्या खळीचा वास येई. आज रस्त्यावर एकच अखंड आवाज आहे, वाहनांचा, आणि त्याच्या आत काहीही ऐकू येत नाही. वर विजेवरची स्कूटर आली आहे, जिला आवाजच नाही. 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर वाहने बंद ठेवून पादचारी दिन पाळण्याचा जो उपक्रम 2021 पासून सुरू झाला, त्या दिवशी नाना मुद्दाम तेथे जातात. परंतु मांजरपाटाचा वास आता येत नाही, असे त्यांनीच सांगितले. पायाला कळणारी खूण पाहिजे झाली ती कानाच्या खुणा बुजल्या म्हणून. हे रावसाहेबांना मी सुचवले तेव्हा त्यांनी ते आपल्या बाजूचे मानले आणि नानांनी आपल्या.

फरशीचे आणखी काही वैरी आहेत, त्यांचा उल्लेख ओझरता केला तरी पुरे. गुळगुळीत सिरॅमिकची असली तर आषाढात ती घसरते. संधिवाताच्या म्हाताऱ्या तिच्यावर पाऊल टाकायला धजत नाहीत. चाकाची खुर्ची तिच्यावर खडखडते. केबलवाले पदपथ खोदतात आणि पाच पिवळ्या फरश्यांच्या जागी पाच तांबडे ब्लॉक बसवून जातात, म्हणजे वाक्यातले पाच शब्द पुसून तेथे रेघोट्या ओढतात. मांडवाच्या वाशासाठी जो खड्डा पडतो, तो गणपती उठल्यावरही राहतो.

तिसऱ्या संध्याकाळी रावसाहेबांनी तोड काढली: अर्ज करावा. कागद मी आणला. मायना, विषय, संदर्भ, रस्त्याचे नाव, पेटीचा क्रमांक, फरशीची लांबी (ती रावसाहेब सकाळीच जाऊन पट्टीने मोजून आले होते), सर्व यथासांग लिहून झाले. पेच पडला तो विनंतीच्या वाक्यापाशी. रावसाहेबांनी मजकूर सांगितला: “सबब सदर फरशी नियमानुसार पुरी व दुरुस्त करण्याचे आदेश व्हावेत.” नानांनी हात वर केला. त्यांचा मजकूर असा की, “सबब सदर फरशी तूर्त उखडून टाकावी आणि पेटी हलेल तेव्हाच पुन्हा लावावी.” सही दोघांची हवी होती. अर्धा तास गेला, बागेच्या रखवालदाराची पहिली शिट्टी झाली, आणि मी लेखनिकाच्या अधिकारात उभयपक्षी मान्य होईल असे वाक्य रचून वाचून दाखवले: “सबब सदर फरशी दुरुस्त करावी अथवा काढून टाकावी.”

नानांनी मान किंचित डावीकडे कलती केली.

“‘अथवा’ काढा,” ते म्हणाले. “दफ्तरात ‘अथवा’चा अर्थ ‘पुढे पाहू’ असा करतात.”

मी रावसाहेबांकडे पाहिले. चौतीस वर्षे नोकरी केलेल्या त्या माणसाने पट्टीची घडी घातली, खिशात ठेवली आणि सांगितले, “काढा.”

शब्द खोडल्यावर वाक्यात दोन क्रियापदे समोरासमोर उभी राहिली. रखवालदाराने दुसरी शिट्टी दिली. कागद अजून माझ्याजवळच आहे.